रक्ताची चौकशी

यहूदीद्वेष व त्याचे कायदे : उपदेशकांच्या वर्गासाठी धडा

वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10, रोमकरांस पत्र, अध्याय 9 ते 11.

परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथील आठवड्याच्या बाजारात यहूदी मनुष्य आपल्या दृष्टीस पडण्याचा योग फारसा नाही. तेव्हा कोणी सहज विचारील की, ज्यांना आपण पाहिले नाही त्यांच्या द्वेषाचा इतिहास आपण का शिकावा? ह्याचे उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, यहूदी लोकांची नावे आपल्या गावच्या प्रत्येक मंडळीत दर रविवारी वाचली जातात. अब्राहाम, मोशे, दावीद, मरीया, पेत्र, पौल हे सर्व यहूदी होते, व प्रभु येशूही देहाने यहूदी होता. त्या लोकांविषयी आपण वर्गात जे बोलतो त्यातून ऐकणाऱ्याच्या मनात प्रीती उत्पन्न होते किंवा तिरस्कार उत्पन्न होतो. दुसरे असे की, एखाद्या मनुष्यास त्याच्या कृत्यावरून नव्हे, तर त्याच्या आजाच्या रक्तावरून तोलावयाचे, ही रीत कशी असते हे आपल्या वाडवडिलांनी वेशीबाहेरच्या वस्तीत राहून भोगलेले आहे. म्हणून हा इतिहास आपणास परका वाटावयाचा नाही.

1. शब्दाचा अर्थ

शेमाच्या वंशातील लोकांस व त्यांच्या भाषांस पाश्चात्य पंडितांनी सेमेटिक असे नाव दिले. त्यावरून 1879 साली विल्हेल्म मार नावाच्या जर्मन लेखकाने बर्लिन येथे एक संघ स्थापिला व ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द लोकांत रूढ केला. इब्री, अरबी, अरामी ह्या सर्व भाषा सेमेटिक आहेत खऱ्या. परंतु त्या शब्दाचा रोख केवळ यहूदी लोकांवर होता. मराठीत त्यास यहूदीद्वेष म्हणणे हेच सरळ आहे.

हा नवा शब्द का हवा होता हे ध्यानात घ्यावे. पूर्वीचा द्वेष धर्माच्या नावाने चाले. यहूद्याने बाप्तिस्मा घेतला म्हणजे, निदान बोलण्यापुरते तरी, वैर संपले असे मानीत. माराला व त्याच्यासारख्यांना असे म्हणावयाचे होते की दोष रक्तात आहे, आणि तो बाप्तिस्म्यानेही जात नाही. हे मत जरी 1879 साली विद्येचा अंगरखा घालून पुढे आले, तरी ते नवे नव्हते, हे आपण पुढे पाहू.

2. मंडळीने केलेले कायदे

ही गोष्ट सांगताना ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांस लाज वाटावी असे पुष्कळ आहे, व ते झाकून ठेवणे हे सत्यास धरून होणार नाही. 1215 साली रोम येथे लॅटरन महालात भरलेल्या मोठ्या धर्मपरिषदेने ठरविले की, यहूदी व मुसलमान ह्यांनी ख्रिस्ती लोकांहून निराळा पोशाख करावा, म्हणजे पाहताक्षणी त्यांची ओळख पटेल. त्यातून पुढे निरनिराळ्या राज्यांत वस्त्रावर लावावयाच्या खुणेचे कायदे निघाले. इंग्लंडात पहिल्या एडवर्ड राजाने 1275 च्या कायद्याने सावकारी बंद केली व यहूदी मनुष्याने अंगावर पिवळे चिन्ह लावावे अशी आज्ञा दिली. 1290 साली तर त्या सर्वांस देशाबाहेर घालविले.

येथे एक फास नीट पाहावा. पुष्कळ देशांत यहूद्यांना जमीन घेण्याची व कारागिरांच्या संघांत शिरण्याची मनाई असे; व्याजबट्टा करण्याची मुभा असे, कारण ख्रिस्ती मनुष्यास व्याज घेणे मना होते. मग लोक म्हणू लागले की, यहूदी हा स्वभावानेच लोभी सावकार होय. आधी सर्व दारे लावावयाची, एकच उघडे ठेवावयाचे, आणि तेथून जो गेला त्यास त्याच दारासाठी शिव्या द्यावयाच्या! ज्यांस मेलेली गुरे ओढावयास लावून पुढे त्याच कामासाठी अमंगळ ठरविले, त्यांच्या मुलांस हा फास समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या प्रॉटेस्टंट पंथाचाही ह्यात वाटा आहे. मार्टिन ल्यूथराने 1523 साली यहूदी लोकांविषयी ममतेने लिहिले होते. परंतु वृद्धपणी, 1543 साली, त्याने असे पुस्तक लिहिले की त्यात त्यांची सभास्थाने जाळावी, घरे मोडावी व ग्रंथ हिरावून घ्यावे असा सल्ला राज्यकर्त्यांस दिला. चारशे वर्षांनंतर यहूदीद्वेषाचे वर्तमानपत्र चालविणारा युलियस श्ट्रायखर न्यूरेंबर्गच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा त्याने आपल्या बचावार्थ ल्यूथराचेच नाव पुढे केले. थोर मनुष्याच्या हातून निघालेले वाईट अक्षर त्याच्या मागे किती दूर चालत जाते, हे शिक्षकांनी विसरू नये.

3. बाप्तिस्मा झाला, तरी रक्त तेच

स्पेन देशात चौदाव्या शतकाच्या शेवटी मोठा दंगा होऊन पुष्कळ यहूद्यांनी भयाने बाप्तिस्मा घेतला. त्यांची मुलेनातवंडे ख्रिस्ती म्हणून वाढली, व्यापारात व दरबारात चढली. तेव्हा जुन्या ख्रिस्ती कुळांच्या पोटात दुखू लागले. 1449 साली टोलेडो शहराने ठराव केला की, यहूदी वंशातून आलेल्या ख्रिस्ती मनुष्यास शहरात कोणताही अधिकार मिळू नये. पाचव्या निकोलस पोपाने त्याच वर्षी ह्या ठरावाचा निषेध केला. तरी ती रीत मेली नाही. पुढे मठ, विद्यालये व सैनिकी संघ ह्यांनी ‘रक्ताची शुद्धता’ सिद्ध करण्याची अट घातली. उमेदवार कसा वागतो हे न विचारता त्याचा आजा कोण होता हे विचारू लागले.

1492 साली स्पेनच्या राजाराणीने बाप्तिस्मा न घेणाऱ्या सर्व यहूद्यांस हद्दपार केले. पुष्कळजण शेजारच्या पोर्तुगालात गेले. तेथे 1496 साली त्यांनाही निघून जाण्याचा हुकूम झाला, आणि 1497 साली जाण्याची वाट अडवून त्यांच्यावर बळजबरीने बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणू लागले, व ते नाव त्यांच्या पणतवंडांसही चिकटले. जुना ख्रिस्ती व नवा ख्रिस्ती हा भेद पोर्तुगालच्या कायद्यातून 1773 साली काढून टाकण्यात आला. म्हणजे पावणेतीनशे वर्षे मनुष्य ‘नवाच’ राहिला!

4. गोव्यातील एक वैद्य

हा कायदा समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यास आला. 1534 साली गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. त्याचे आईबाप स्पेनातून पळालेले व पोर्तुगालात बळाने बाप्तिस्मा दिलेले यहूदी होते. गोव्यात त्याने मोठे नाव मिळविले. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकाराकडून खंडाने मिळाले होते. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा ह्याच्या दरबारी तो वैद्य म्हणून जात असे. परभणी जिल्ह्याच्या वाचकांस येथे एक ओळखीची खूण सापडेल : ह्या निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांत होते असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो, व त्या पाथरीसाठीच बुऱ्हाणशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाई केली.

ऑर्ताने 1563 साली गोव्यातच आपले पुस्तक छापविले. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक होय. हिंग, कापूर, सुपारी, आंबा, कोरफड अशा येथील वस्तू व त्यांचे औषधी गुण ह्यांविषयी त्यात दोघांच्या संवादरूपाने माहिती आहे. पटकीच्या रोगाचेही त्याने वर्णन केले. देशी वैद्य व हकीम ह्यांच्यापासून शिकण्यास तो लाजला नाही. युरोपात त्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला व पुष्कळांनी तो वाचला.

परंतु 1560 साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते. इन्क्विझिशन म्हणून जे प्रसिद्ध आहे तेच हे. नवे ख्रिस्ती गुप्तपणे यहूदी धर्म पाळतात की काय, ह्याची चौकशी करणे हे त्याचे आरंभीचे एक मोठे काम होते. शनिवारी स्वच्छ वस्त्र घातले, डुकराचे मांस टाळले, अमुक दिवशी उपास केला, एवढ्यावरून संशय घेत. आरोपीस त्याच्याविरुद्ध कोणी साक्ष दिली हे सांगत नसत. ऑर्ता 1568 साली मरण पावला. पुढल्याच वर्षी, 1569 साली, त्याची बहीण कॅटरिना हिला यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत आप्तांच्या जबान्यांतून मृत वैद्याचे नाव निघाले. आणि 1580 साली न्यायालयाच्या आज्ञेने त्याची हाडे कबरेतून उकरून जाळण्यात आली. ज्याने सुलतानास व सामान्यांस औषध दिले, त्याच्या अस्थींसही विसावा मिळाला नाही.

हे यंत्र एकदा उभे राहिल्यावर ते यहूदी वंशाच्या लोकांपाशीच थांबले नाही. पुढे गोव्यातील हिंदूंमधून ख्रिस्ती झालेले गरीब लोकच त्याच्या तावडीत अधिक सापडले. 1736 च्या जाहीरनाम्याने अंगणात तुळस ठेवणे, लग्नात हळद लावणे अशा रीतींवरही बंदी घातली. 1774 ते 1778 एवढा काळ सोडला तर हे न्यायालय 1812 पर्यंत चालू होते. ह्यावरून एक नियम शिकावा : एका लोकासाठी खणलेला खड्डा दुसऱ्यासाठीही तयारच असतो.

5. कोकणातील शनिवार तेली

आता ह्याच्या अगदी उलट चित्र पाहा. गोव्याच्या उत्तरेस, हल्लीच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचे यहूदी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार पूर्वी अलिबागेजवळ नवगाव येथे एक गलबत फुटले, व त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी. आडनावे गावांवरून पडलेली, जसे किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. इब्री भाषा व शास्त्र बहुतेक विसरले गेले होते, तरी सुंता, शब्बाथ, उपास व एका देवाची कबुली देणारी प्रार्थना एवढे त्यांनी सोडले नव्हते.

मराठी मुलखातील कोणत्याही देशी राज्याने ह्या लोकांस धर्मासाठी छळल्याचे आढळत नाही. कित्येकजण आंग्र्यांच्या आरमारात व जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरी चाकरीस होते. पुढे ते इंग्रजांच्या पलटणीत शिरले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्या पलटणीतील अधिकाऱ्याने 1796 साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधिले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत त्यांची मुले शिकली व त्यांच्यातील पुष्कळजण तेथे पंतोजी झाले. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी मुंबईत त्यांना इब्री भाषा शिकण्यास मदत केली. ते ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची आशा होती, परंतु फारच थोडे झाले. उलट इब्री शास्त्र वाचता येऊ लागल्यामुळे ते आपल्या धर्मात अधिक दृढ झाले. तरी शेजारधर्म मोडला नाही. त्यांनी आपल्या शास्त्रातील कथांवर मराठीत कीर्तनेही रचली. 1937 साली डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ मुंबई शहराचे महापौर झाले.

मात्र रक्ताची चौकशी ही सर्वांच्याच घरात शिरते हे लपवू नये. बेने इस्राएलांत गोरा व काळा असे दोन भाग मानीत व त्यांत रोटीबेटी होत नसे. मुंबईस आलेले बगदादी यहूदी पुष्कळदा बेने इस्राएलांस कमी लेखीत. 1948 साली इस्राएल राज्य झाल्यावर हजारो कुटुंबे तिकडे गेली. तेथे 1961 साली मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीने असा नियम केला की, बेने इस्राएल मनुष्याच्या लग्नापूर्वी त्याच्या पूर्वजांची तपासणी व्हावी. मराठी बोलणाऱ्या ह्या लोकांनी यरुशलेमात धरणे धरिले. 1964 साली तेथील विधिमंडळाने त्यांची बाजू घेतली, व तो नियम बदलावा लागला. ज्यांनी स्वतः छळ सोसला त्यांनाही सावध राहावे लागते, मग इतरांस किती!

6. कायद्याने सुटका व नवा द्वेष

फ्रान्स देशाने 1791 साली यहूद्यांस इतर नागरिकांबरोबर समान हक्क दिले. इंग्लंडच्या पार्लमेंटात यहूदी सभासदास ख्रिस्ती शपथेवाचून बसण्याची मोकळीक 1858 साली मिळाली, व जर्मनीत 1871 पर्यंत सर्वत्र समान हक्क झाले. ज्या कायद्याने दार लावले होते त्यानेच ते उघडले. परंतु मनातील दार उघडले नाही. यहूदी मुले शाळांत व धंद्यांत पुढे येऊ लागताच मत्सर जागा झाला, व तो आता वंशाच्या नावाने बोलू लागला.

रशियात 1882 च्या मे महिन्यात निघालेल्या कायद्यांनी यहूद्यांस खेड्यांत नव्याने वस्ती करण्यास व जमीन घेण्यास मनाई केली. फ्रान्सात आल्फ्रेड द्रेफ्यू ह्या यहूदी सेनाधिकाऱ्यावर 1894 साली फितुरीचा खोटा आरोप ठेवून त्यास दूरच्या बेटावर जन्मभर डांबण्याची शिक्षा दिली. एमिल झोला ह्या कादंबरीकाराने 1898 साली उघड पत्र छापून ह्या अन्यायास तोंड फोडले. द्रेफ्यू पूर्ण निर्दोष ठरला तो 1906 साली.

ह्याच सुमारास रशियात एक खोटी चोपडी निघाली. यहूदी पुढाऱ्यांनी गुप्त सभा भरवून सर्व जग ताब्यात घेण्याचा कट केला, अशी तिच्यात बतावणी होती. ती 1903 साली प्रथम छापली गेली. 1921 साली लंडनच्या टाइम्स पत्राने दाखवून दिले की, तिचा पुष्कळ भाग 1864 सालच्या एका फ्रेंच राजकीय पुस्तकातून चोरलेला आहे, व त्या पुस्तकात यहूद्यांचे नावही नव्हते. असे असूनही ती चोपडी आजतागायत फिरत आहे. खोटे उघडे पडले म्हणजे मरते, असा भरवसा धरू नये. ज्याला द्वेष हवा असतो त्यास पुरावा लागत नाही.

7. जर्मनीतील कायदे

1933 साली हिटलर अधिकारावर आला. आरंभ तलवारीने नव्हे, तर राजपत्राने झाला. त्याच वर्षी एप्रिलात यहूदी वंशाच्या लोकांस सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. 15 सप्टेंबर 1935 रोजी न्यूरेंबर्ग येथे दोन कायदे जाहीर झाले : एकाने त्यांचे नागरिकत्व हिरावले, दुसऱ्याने यहूदी व जर्मन ह्यांचा विवाह गुन्हा ठरविला. 1938 साली त्यांच्या परवान्यांवर अक्षराचा शिक्का मारला, पुरुषांच्या नावापुढे इस्राएल व स्त्रियांच्या नावापुढे सारा असे जोडणे सक्तीचे केले. त्या वर्षी नोव्हेंबराच्या 9 व्या रात्री सर्व देशभर सभास्थाने जाळण्यात आली. 1941 साली वस्त्रावर पिवळा तारा शिवण्याची आज्ञा झाली. 1215 सालची खूण पुन्हा उगवली!

यहूदी कोण, हे ठरविण्यासाठी सरकाराने आजाआजींची मोजणी केली. ज्याचे चारांपैकी तीन आजाआजी यहूदी तो यहूदी. रक्त पाहून तर काही दिसत नाही. म्हणून आजा कोणत्या सभास्थानाच्या वहीत होता हेच पाहावे लागले. म्हणजे रक्ताचे म्हणून जे शास्त्र मिरविले, त्याचा पाया धर्माच्या नोंदवहीवर होता. शास्त्र म्हणून ते पोकळच होते.

आणि येथे मंडळीची कसोटी लागली. यहूदी वंशातून आलेल्या, बाप्तिस्मा घेतलेल्या पाळकांसही पदावरून दूर करावे, असा ठराव 1933 साली जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीच्या एका मोठ्या पक्षाने केला. मार्टिन नीमोलर व डीट्रिख बोनहोफर ह्या पाळकांनी त्यास विरोध केला, कारण बाप्तिस्म्यापेक्षा रक्तास मोठे म्हणणे म्हणजे शुभवर्तमानच नाकारणे होय. नीमोलर पुढे कैदेत पडले. बोनहोफर ह्यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी देण्यात आले. एडिथ श्टाइन ही विदुषी यहूदी कुळातून ख्रिस्ती होऊन जोगीण झाली होती. तिला 1942 साली आउशविट्झच्या छावणीत विषारी वायूने मारण्यात आले. तथापि हेही खरे की, पुष्कळ मंडळ्या केवळ आपल्या बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी बोलल्या, आणि बाहेरच्या यहूद्यांसाठी गप्प राहिल्या.

1938 च्या जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ गावी 32 राष्ट्रांचे प्रतिनिधी ह्या निर्वासितांविषयी विचार करण्यास जमले. बहुतेकांनी हळहळ दाखविली व दारे लावूनच ठेविली. थोडे निर्वासित मुंबईस पोहोचले. त्यांच्या साहाय्यासाठी तेथील यहूद्यांनी 1934 सालीच एक संस्था काढली होती. 1942 च्या जानेवारीत बर्लिनजवळ वान्झे येथे अधिकाऱ्यांनी संहाराची व्यवस्था ठरविली. युद्ध संपले तेव्हा सुमारे 60 लक्ष यहूदी मारले गेले होते.

8. कायदा पुन्हा न्यायाकडे वळतो

1945 व 1946 साली न्यूरेंबर्ग ह्याच शहरात त्या राज्यकर्त्यांपैकी मुख्यांवर खटला चालला. सरकारी हुकूम होता, ही सबब न्यायालयाने पुरेशी मानिली नाही. राफाएल लेम्किन ह्या पोलंडच्या यहूदी कायदेपंडिताने एका संपूर्ण जनसमूहाचा नाश करण्याच्या गुन्ह्यास ‘जेनोसाइड’ असे नाव दिले. त्याच्या खटपटीने 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्ध करार संमत केला, व दुसऱ्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. भारताने तो करार 1959 साली मान्य केला.

पुढे फ्रान्सने 1990 साली व जर्मनीने 1994 साली त्या संहाराचा इन्कार करणे हा गुन्हा ठरविला. इंग्लंडात तसा कायदा नाही. तेथे 2000 साली अशा एका लेखकाने आपली बदनामी झाली म्हणून स्वतःच दावा लावला, आणि न्यायाधीशाने पुरावा पाहून तोच इतिहास मोडतोड करणारा आहे असा निकाल दिला. मंडळ्यांनीही पश्चात्तापाचे पाऊल टाकिले. रोमन कॅथलिक मंडळीने 1965 साली जाहीर केले की, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही. अमेरिकेतील ल्यूथरन मंडळीने 1994 साली ल्यूथराच्या त्या लिखाणाचा उघड त्याग केला.

तरी रोग गेलेला नाही. 2018 साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी शब्बाथाच्या प्रार्थनेच्या वेळी अकरा माणसे गोळ्यांस बळी पडली. आपल्याच मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मारेकऱ्यांनी नरिमन हाउस हे यहूदी घर शोधून काढून तेथील धर्मगुरू, त्यांची पत्नी व पाहुणे ह्यांना ठार केले. त्या दांपत्याच्या दोन वर्षांच्या मुलास त्याच्या भारतीय दाईने जिवावर उदार होऊन बाहेर आणिले.

आपल्या देशाचे कायदे ठाऊक असावे. राज्यघटनेचे 15 वे कलम धर्म, वंश, जात ह्यांवरून भेद करण्यास मना करिते. 17 वे कलम अस्पृश्यता नष्ट करिते. जाती-धर्मांत वैर पेटविणे हा भारतीय न्यायसंहितेच्या 196 व्या कलमाखाली गुन्हा आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. महाराष्ट्र सरकाराने 2016 साली यहूदी लोकांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. आता ते राज्यात काही हजारच उरले आहेत.

9. आपणास बोध

पहिला. उत्तम शुक्रवारचा पाठ शिकविताना ‘यहूद्यांनी प्रभूला मारिले’ असे सरसकट म्हणू नये. काही याजक व पुढारी, रोमी सुभेदार पिलात व त्याचे शिपाई, असे नेमके सांगावे. आणि त्यासाठी रडणाऱ्या स्त्रियाही यहूदीच होत्या, पळून गेलेले शिष्यही यहूदीच होते, हे मुलांस दाखवावे. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल परराष्ट्रीयांना रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी म्हणतो. फांदीने मुळावर ताठा मिरवू नये.

दुसरा. आपल्या बाजारात हिटलराचे नाव कधी कधी शिस्तीचे उदाहरण म्हणून ऐकू येते. 2006 साली नवी मुंबईत खारघर येथे एका उपाहारगृहास त्याचे नाव देण्यात आले होते. मुंबईच्या यहूदी लोकांनी विरोध केल्यावर ते बदलले. कोणी असे नाव घेतल्यास भांडू नये. परंतु त्या शिस्तीने लेकरांस कोठे नेले हे शांतपणे सांगावे.

तिसरा. इस्राएल राज्याच्या कारभारावर न्यायाने टीका करणे व यहूदी लोकांचा द्वेष करणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. पॅलेस्टाईनच्या लोकांचे दुःख हेही खरे दुःख आहे, व त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही आहेत. एका सरकाराच्या कृत्याचा जाब मुंबईतील किंवा पॅरिसमधील शेजाऱ्यास विचारणे हा मात्र द्वेष होय.

चौथा, व हा सर्वांत जवळचा. टोलेडोचा ठराव आपल्या मंडळीत कोठे जिवंत आहे का? अमका कुटुंबाने पाच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, म्हणून त्यास ‘नवा’ म्हणतो काय? मुलीचे स्थळ पाहताना पूर्वीची जात महार होती की मांग हे हळूच विचारतो काय? पंचमंडळात कोणाचे नाव घ्यावे हे ठरविताना आजाचे घर मोजतो काय? असे असेल तर ऑर्ताची हाडे उकरणाऱ्यांचे खोरे आपल्याही हातात आहे. सरकाराचा कायदा विहीर खुली करू शकतो. सोयरीक व पंगत खुली करणे हे मंडळीचेच काम आहे.

वर्गासाठी प्रश्न

1. यहूद्यांना सावकारीकडे ढकलणारे कायदे कोणते होते? आपल्या गावात असा फास कोणासाठी होता?
2. ‘नवे ख्रिस्ती’ हा भेद किती वर्षे कायद्यात टिकला? तो बाप्तिस्म्याच्या अर्थाविरुद्ध का आहे?
3. गोव्याचे न्यायालय व कोकणातील शनिवार तेल्यांचे शेजारी, ह्या दोहोंत काय फरक दिसतो?
4. न्यूरेंबर्गच्या कायद्यात यहूदी कोण हे कशावरून ठरविले? त्यातील खोटेपणा सांगा.
5. कर्नेल्याच्या घरी जाण्यापूर्वी पेत्राची कोणती समजूत मोडावी लागली? आपल्या मंडळीत येत्या महिन्यात कोणत्या घरी जेवावयास जाणे हे तसेच पाऊल होईल? उत्तर वहीत लिहू नये, जाऊन यावे.